दोनशे पंधरा रुपयांचा फ्रॉक

पत्र: ताई, मी कोल्हापुरात लहान मुलींचे फ्रॉक शिवून घेते आणि प्रदर्शनांत, फोनवर विकते. आठ वर्षं झाली. इचलकरंजीचं सुती कापड, वर छातीशी खणाचं योक, घेराला खणाची पट्टी. सहा बायका माझ्याकडे शिवतात. एक फ्रॉक मला ३३० रुपयांना पडतो, मी तो ६९९ ला विकते. एका डिझाइनचे दिवाळीच्या हंगामात साडेतीनशे जातात. आता एक एजंट म्हणतोय की तसाच फ्रॉक बांगलादेशात नाहीतर चीनमध्ये, जिथे जमेल तिथे, २१५ रुपयांत करून देतो. कमीत कमी १,२०० नग, ३० टक्के आगाऊ, बाकीचे माल निघण्याआधी. मिस्टर म्हणतात, धंदा भावनेवर चालत नाही. सासरे बाबू गेनूचं नाव घेतात. माझ्याकडच्या बायकांना अजून काही सांगितलेलं नाही, पण दुपारी त्यांच्यासोबत डबा खाताना घास उतरत नाही. एजंटाचा नमुना आणि माझा फ्रॉक, दोन्ही पाठवतेय. काय करू?

प्रिय ताई,

दोन्ही फ्रॉक आठवडाभर माझ्या टेबलावर होते. हिशेबाचं पुढे बोलूच, पण आधी फ्रॉकांबद्दल, कारण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे.

एजंटाचा फ्रॉक मी उलटा केला. तुम्हीही केला असेलच. योकवरचा खण आतून पांढरा आहे. म्हणजे तो खण नाहीच, पॉलिस्टरवर छापलेलं खणाचं चित्र आहे. तुमच्या फ्रॉकचं योक उलटं केलं की बुट्टीचे धागे मागून धावताना दिसतात, कारण ती बुट्टी मागावर विणलेली आहे. मग माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, मोजली. एजंटाच्या फ्रॉकला बाजूच्या शिवणीत जेमतेम पाव इंच, घेराची दुमड अर्धा इंच. मुलगी चार बोटं उंच झाली की तो फ्रॉक संपला. तुमच्याकडे बाजूला पाऊण इंच माया आहे, घेराला दीड इंच दुमड आहे.

पण एक गोष्ट मला तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. शिवण त्यांची चांगली आहे. बाहीची जोडणी बघा, कुठे चुणी नाही, ओव्हरलॉकचा एक धागा लोंबत नाही, बटण ओढून पाहिलं तरी हलत नाही. तुमच्या फ्रॉकच्या डाव्या बाहीला खांद्याजवळ कापड गोळा झालंय आणि आतले धागे कापायचे राहिलेत. ज्या बाईनं तो नमुना शिवला, तिच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. तुमची स्पर्धा तिच्याशी आहे असंही मी मानत नाही. त्याकडे पुढे येते.

आता हिशेब. तुम्ही खर्चाचा कागद जोडलात हे फार बरं केलंत. सुती कापड १०२, खण ४०, अस्तर २७, लेस-बटण-धागा-लेबल २४, शिलाई ७५, कटिंग १२, काज-बटण-इस्त्री १५, पॅकिंग १०, जागाभाडं आणि वीज २५. एकूण ३३०. यातली माणसांच्या हाताला जाणारी रक्कम वेगळी काढा. शिलाई, कटिंग, काज-बटण-इस्त्री मिळून १०२ रुपये. उद्या तुमच्या बायकांनी हे सगळं फुकट करून दिलं, तरी फ्रॉक तुम्हाला २२८ ला पडेल. एजंटाच्या २१५ पेक्षा तेरा रुपये जास्तच. म्हणजे तिथली स्वस्ताई मजुरीतून आलेली नाही, निदान मुख्यतः तरी नाही. ती पॉलिस्टरमधून आली आहे, वाचवलेल्या मायेतून आली आहे, हजारो मीटर कापड एकदम घेण्यातून आणि एका वेळी शेकडो थर कापण्यातून आली आहे. बांगलादेशात कपडे शिवणाऱ्या कामगाराचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका आहे, आपल्या पैशात नऊ हजारांच्या आसपास. तुमच्याकडची बाई दिवसाला सहा फ्रॉक काढते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ४५० रुपये, पंचवीस दिवसांचे सव्वाअकरा हजार. फरक आहे, पण एका फ्रॉकवर वाटला तर तो फार मोठा उरत नाही. 'आपल्या बायका महाग पडतात' हे वाक्य घरात कुणी बोललं असेल तर हा कागद त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरं, २१५ ही किंमत तुमच्या दारातली नाही. ती तिकडच्या बंदरावरची आहे. जहाजभाडं, विमा, बंदरातले आकार, क्लिअरिंग एजंट आणि न्हावाशेव्याहून कोल्हापूरपर्यंतचा ट्रक धरून मी नगामागे २२ रुपये लावले, तेही हात आखडून. झाले २३७. माल बांगलादेशात बनल्याचा दाखला नीट असेल तर मूळ सीमाशुल्क लागत नाही, साफ्ता या दक्षिण आशियातल्या व्यापार करारामुळे तशी सवलत आहे. पण एजंट म्हणतो 'बांगलादेशात नाहीतर चीनमध्ये'. चीनचा माल आला तर तयार कपड्यांवर किमान २० टक्के शुल्क, त्यावर अधिभार, म्हणजे नगामागे आणखी निदान पन्नासेक रुपये, आणि फ्रॉक २८७ वर गेला. जीएसटी वेगळा. नियमित नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळते, पण पैसे आधी भरावे लागतात. देश कोणता हे एजंटानं लेखी न देता २१५ चा आकडा टाकला असेल, तर तो आकडा धरून पुढचा हिशेब मांडताच येत नाही.

तरी सगळं सुरळीत होईल आणि माल २३७ लाच पडेल असं धरते. १,२०० नगांचे २,८४,४०० रुपये. आज तुम्ही साडेतीनशे फ्रॉक विकून नगामागे ३६९ मिळवता, म्हणजे १,२९,१५०. आता नवा माल त्याच ६९९ ला, तेवढाच साडेतीनशे विकला आणि उरलेले ८५० घाऊकवाल्याला दीडशेनं दिले, तर हातात राहतात ८७,७५०. फ्रॉक ९३ रुपयांनी स्वस्त पडला आणि कमाई ४१ हजारांनी घटली!

तुम्ही म्हणाल, स्वस्त पडतोय तर मी ५४९ ला विकेन, मग जास्त जातील. खरं आहे, जातील. किती जायला हवेत ते मी काढलं. आजच्याइतकी कमाई होण्यासाठी एका डिझाइनचे ५८५ फ्रॉक पूर्ण दरानं विकावे लागतील. ४५० विकलेत तर ७५ हजार सुटतील. ८०० विकलेत तर मात्र दोन लाखांच्या वर. प्रदर्शनाचा गाळा, कुरिअर, परत आलेला माल हे यात धरलेलंच नाही, ते धरलं तर ५८५ चा आकडा आणखी वर सरकतो. म्हणून तुमच्या मिस्टरांना विचारायचा प्रश्न एवढाच आहे: एका डिझाइनचे सहाशे-साडेसहाशे फ्रॉक कोण घेणार, त्यांची नावं आहेत का? दुकानांच्या पक्क्या ऑर्डरी हातात असतील तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. नसतील तर तुम्ही फ्रॉक घेत नाही आहात, साठा घेत आहात. आणि लहान मुलांच्या कपड्यांत साठा कसा उरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन ते चारचं माप पहिल्या चार दिवसांत संपतं, आठ ते दहाचं होळीपर्यंत कपाटात बसतं.

मी हे अनुभवावरून लिहितेय. २००९ साली पुण्यात माझं छोटं युनिट होतं. एका एजंटामार्फत परदेशातल्या कारखान्याकडून मी लहान मुलांच्या नाइटसूटचे हजार जोड मागवले. नमुना उत्तम होता. उरलेले सत्तर टक्के पैसे माल जहाजावर चढण्याआधी दिले, कारण करारच तसा होता. खोकी आली ती दिवाळी संपल्यावर. पहिलं खोकं फोडलं, शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाला हाक मारली आणि त्याच्या डोक्यात शर्ट घालायला गेले. तो कपाळापर्यंत आला आणि थांबला. ओढला तर कान दुमडले, पोरगं रडायला लागलं. गळ्याचं माप नमुन्यापेक्षा पाऊण इंच कमी, हजारही नगांना. एजंट म्हणाला, कारखान्याशी बोलतो. कारखाना म्हणाला, तुम्ही पाठवलेल्या मापाच्या तक्त्यात तेवढंच आहे. तक्ता पुन्हा पाहिला तर आकडा असा लिहिलेला की दोन्ही अर्थ निघावेत. शेवटी माझ्याच तीन बायकांनी महिनाभर बसून प्रत्येक शर्टाचा डावा खांदा उसवला, पट्टी लावली, दोन टिचबटणं ठोकली. नगामागे चौदा रुपये गेले आणि हंगाम गेला.

ती चूक माझ्या युनिटमध्ये झाली असती तर तिसऱ्या शर्टाला कळली असती. शिवणाऱ्या बाईनं मान वर करून विचारलं असतं, 'मॅडम, ह्यातनं डोकं जाईल का?' तुमच्या खोलीत मशीनवर बसलेल्या सहा जणी हे काम रोज करतात आणि त्याचा दर तुमच्या खर्चाच्या कागदावर कुठेच लिहिलेला नाही. साडेतीनशेचा धंदा त्यावरच उभा असतो. चाळीस फ्रॉक काढायचे, प्रदर्शनात ठेवायचे, निळा गेला आणि पिवळा राहिला तर पुढचे साठ निळे कापायचे. तीन महिने आधी १,२०० नगांचे रंग ठरवणाऱ्याला हे करता येत नाही.

वाटेतली जोखीमही आहे. तुमचा एजंट म्हणतो की माल ट्रकनं आठ दिवसांत येईल. मे २०२५ मध्ये आपल्या सरकारनं बांगलादेशातून येणारे तयार कपडे सीमेवरच्या नाक्यांवरून आणायला बंदी केली आणि फक्त न्हावाशेवा व कोलकाता ही दोन बंदरं ठेवली. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे सत्तापालट झाला तेव्हा कितीतरी कारखाने दिवसचे दिवस बंद होते. एजंटाला हे माहीत नसेल तर तो या कामात नवा आहे, आणि माहीत असून बोलला नसेल तर त्याच्याशी व्यवहार नकोच. आणखी एक, तो त्याच्याच आयात परवान्यावर माल आणतो म्हणतोय. मग कागदोपत्री आयातदार तो, माल त्याचा, आणि काही बिघडलं तर तुम्ही कुणीच नाही. खरंच आणायचा असेल तर स्वतःच्या नावानं आयात-निर्यात कोड काढा, त्याला फार खटपट पडत नाही. अझो या रासायनिक रंगांच्या तपासणीचा दाखलाही मागा. त्यातल्या घातक रंगांवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे, आणि हे कपडे पोरींच्या अंगाला लागणार आहेत.

आता सासऱ्यांचं म्हणणं. बाबू गेनूचं नाव त्यांनी काढलं यात मला नवल वाटलं नाही. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडलेला तो आंबेगावकडचा गिरणी कामगार आपल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि असायलाच हवा. पण त्या ट्रकमधलं कापड राज्यकर्त्यांचं होतं. ज्या राजवटीनं आपले माग बसवले, तिच्याविरुद्ध तो पडला. ढाक्याजवळ मशीनवर बसलेली पोरगी कुणाची राज्यकर्ती नाही. ती तुमच्या खोलीतल्या बायकांचीच बहीण शोभेल. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, तेव्हा अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक अशाच शिवणाऱ्या मुली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक बंद ठेवली गेली, शिवणाऱ्यांना मात्र परत बोलावलं, कारण ऑर्डरी वेळेवर जायच्या होत्या. त्यानंतर तिथल्या मोठ्या कारखान्यांत तपासण्या झाल्या, बरंच सुधारलं. पण १,२०० नगांची ऑर्डर मोठ्या कारखान्यात जातच नाही. ती एजंटाकडून कुणाकडे, त्याच्याकडून आणखी कुणाकडे जाते, आणि शेवटी कुठल्या खोलीत शिवली जाते हे तुम्हाला कधीच कळणार नाही. माझी हरकत आहे ती इथे. माल परदेशात शिवला म्हणून नाही, तर शिवणारीचा चेहरा, तिची खोली, तिचा पगार यांपैकी काहीच तुम्हाला दिसणार नाही म्हणून.

आणि 'स्थानिक' या शब्दाचाही फार ताण घेऊ नका. तुमचा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येतो, तेव्हा तुमचा फ्रॉक आत्ताही दोन राज्यांचा आहे. उद्या फ्रॉकखाली घालायला लेगिंग ठेवाव्याशा वाटल्या तर त्या तिरुपूरहून आणा, होजिअरीचं काम तिथल्यासारखं कोल्हापुरात होणार नाही आणि करून घ्यायचा हट्टही नको.

मग करायचं काय? कागदावर जिथे पैसा जास्त आहे तिथे हात घाला, आणि तो कापडात आहे. तुम्ही सुती कापड ८५ रुपये मीटरनं दुकानातून घेताय. इचलकरंजी तुमच्यापासून तासाभरावर आहे. तिथे जाऊन प्रोसेस झालेले ताके थेट व्यापाऱ्याकडून घ्या, दोन-तीन रंगांत, वर्षाचा अंदाज बांधून. बारा-तेरा रुपये मीटरमागे सुटायला हवेत. ओळखीची आणखी एखादी शिवणारी असेल तर दोघी मिळून घ्या. मग कटिंग. एका फ्रॉकला १.२ मीटर जातं म्हणता, ते मला जास्त वाटतं. तुमचा कटिंग मास्तर एकेक माप वेगळं कापत असणार. दोन-चारचा आणि आठ-दहाचा फर्मा, म्हणजे कापायचा कागदी साचा, एकाच थरावर शेजारी मांडला की मोठ्या घेराच्या कडेला उरलेल्या जागेत छोटी बाही बसते. एक रविवार त्याच्यासोबत जमिनीवर तपकिरी कागद अंथरा आणि फर्मे फिरवून बघा. मी हे केलंय, दर फ्रॉकला दहा सेंटिमीटर कापड वाचलं होतं. आठ-आठचे नाही, चाळीसचे थर एकदम कापा. एवढं केलंत तर वीस-पंचवीस रुपये नक्की निघतील, आणि त्यासाठी कुणाच्या ताटातलं काही काढावं लागणार नाही.

त्यातले पाच-सहा रुपये परत फ्रॉकमध्येच घाला. घेराची दुमड दीड इंचावरून अडीच इंच करा आणि गिऱ्हाइकाला उलटून दाखवा. 'वाढत्या अंगाचा आहे, पुढच्या वर्षी आणून द्या, आम्ही फुकट सोडून देऊ' हे वाक्य बोलायला शिका. आपल्याकडच्या आया अजूनही कपडा घेताना पोरीच्या अंगाला लावून वर दोन बोटं मोजतात. त्यांना ६९९ चं कारण सांगावं लागत नाही, दाखवावं लागतं. योकही उलटं करून दाखवा, बुट्टीचे धागे बघू द्या.

शिलाईचे ७५ मात्र कमी करू नका. जमलं तर दिवाळीनंतर पाच वाढवा आणि त्याबदल्यात धागे कापलेले, बाही नीट बसलेली, इतकंच मागा. 'आपल्या माणसांनी शिवलंय' म्हणून चुणी खपवून घ्यावी अशी अपेक्षा गिऱ्हाइकाकडून ठेवता येणार नाही.

आणि समजा एखाद्या वर्षी तुम्ही सहाशेच्या वर गेलात, दुकानांच्या ऑर्डरी आल्या आणि बाहेरून आणायचं ठरलं, तर आणा. मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. फक्त त्या मालावरून 'कोल्हापुरात शिवलेलं' ही तुमची छोटी कापडी पट्टी काढा. कोणत्या देशात बनलं आणि आयात कुणी केलं हे कायद्यानं लिहावंच लागतं, पण मला त्याहून जास्त त्या पट्टीची काळजी आहे. आठ वर्षं ती खरी होती.

राहिला घास. ताई, तो हिशेबामुळे अडकलेला नाही. न सांगितल्यामुळे अडकलाय. बायकांना सांगा. एजंट आला होता, हा त्याचा दर, हा आपला दर, मी ह्या हंगामाला नाही म्हटलंय आणि आपल्याला कापडात पैसे वाचवायचे आहेत, असं चहा मांडून सरळ सांगा. त्यांना हे आधीच कळलं असण्याची शक्यता फार आहे. लहान खोलीत फोनवरचं बोलणं लपत नाही. त्या विचारत नाहीत, कारण उत्तराची भीती त्यांनाही आहे. तुम्ही सहा जणींपैकी सर्वांत जुनीबद्दल लिहिलंय, जी पहिल्या दिवसापासून आहे आणि हल्ली तुमच्याकडे बघायचं टाळते. तिला सगळ्यांच्या आधी, एकटीला सांगा.

दोन्ही फ्रॉक या पत्रासोबत परत पाठवतेय. एजंटाचा फेकून देऊ नका. उलटा करून मशीनजवळ टांगा आणि बाहीची जोडणी सगळ्यांना हातात घेऊन बघू द्या. खांद्याच्या टोकाला तिनं आधी धावदोरा घालून मग शिवण मारलेली दिसते, भोकं अजून दिसतात. तुमच्या डाव्या बाहीला तेवढंच हवं आहे.